नव्या टायरचे नऊ दिवस

उन्हाळ कांद्याची पट्टी हातात पडली की देवळा तालुक्यातल्या अनेक घरांत रखडलेली कामे एकेक करून मार्गी लागतात. खरिपाचे बियाणे, मुलांची वह्या-पुस्तके, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मोटारसायकलचे गुळगुळीत झालेले टायर. उमराण्याच्या बाजार समितीत कांदा विकून निघालेला शेतकरी परतताना टायरच्या दुकानापुढे गाडी उभी करतो, मागचा टायर बदलून घेतो आणि निर्धास्त मनाने घरची वाट धरतो. घासलेला टायर काढून नवा बसवला म्हणजे गाडी अधिक सुरक्षित झाली, हा त्याचा हिशेब चुकीचा नाही. फक्त तो पहिल्या काही दिवसांना लागू होत नाही.

नवा टायर दुकानातून निघतो तेव्हा त्याची रस्त्यावरची पकड पूर्ण तयार झालेली नसते. ती तयार व्हायला साधारण १६० किलोमीटर जावे लागतात. काही कंपन्या याहून अधिक, ३०० किलोमीटरपर्यंतचे अंतर सांगतात. रोज गाव ते तालुका अशी १८-२० किलोमीटरची ये-जा करणाऱ्यासाठी १६० किलोमीटर म्हणजे आठ-नऊ दिवस. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण टायरला अशी वेगळ्या अर्थाने लागू पडते. या नऊ दिवसांत टायरकडून नेहमीचे काम नेहमीसारखे मागितले, तर गाडी घसरण्याचा धोका असतो.

देवळ्याला रस्त्यावरच्या अपघाताचे दुःख नवे नाही. २८ जानेवारी २०२० रोजी मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि रिक्षा यांची धडक होऊन दोन्ही वाहने रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली आणि २६ जणांचा जीव गेला. असे मोठे अपघात वर्षानुवर्षे लक्षात राहतात. मोटारसायकल घसरून एकाच माणसाचा खांदा किंवा डोके जायबंदी होते, तेव्हा मात्र त्याची बातमी होत नाही. तरीही देशाचा एकूण आकडा याच एकेकट्या माणसांतून तयार होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती.

चकाकी कशाची?

मोटारसायकलचा टायर कच्च्या रबरापासून साच्यात, उष्णता आणि दाब देऊन तयार होतो. रबरात गंधक मिसळून ते तापवले की ते टिकाऊ आणि लवचीक बनते, हे चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. डनलॉप हे व्यवसायाने पशुवैद्य होते आणि आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलचे हादरे कमी व्हावेत म्हणून त्यांनी तो प्रयोग केला होता.

साच्याचा आतला पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत असतो, त्यामुळे त्यातून निघालेला टायरही तसाच गुळगुळीत आणि चकचकीत असतो. रबर साच्याला चिकटू नये म्हणून वापरलेल्या लेपाचा अंशही त्यावर राहू शकतो. हल्लीच्या अनेक कारखान्यांत हा लेप कमी लागतो किंवा लागतच नाही. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. हवेतील ओझोनमुळे रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. टायर गोदामात पडून असताना ते हळूहळू पृष्ठभागावर येतात. शिवाय टायर रिमवर चढवताना कडेला साबणाचे पाणी किंवा बुळबुळीत द्रव लावला जातो, त्याचेही शिंतोडे नक्षीवर उडतात.

रबराची पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे रबर आणि रस्ता यांचा प्रत्यक्ष चिकट स्पर्श. दुसरी म्हणजे डांबरातल्या खडीच्या बारीक उंचसखलपणात रबराचे दबणे आणि पुन्हा मूळ आकारात येणे. वरचा चकचकीत थर पहिल्या गोष्टीत अडथळा आणतो. हा थर रस्त्यावर घासून गेला आणि रबर खरखरीत झाले, की टायर खऱ्या अर्थाने कामाला लागतो. धावताना टायर तापतो, थंड होतो, पुन्हा तापतो. या क्रमात रबर आणि आतले धाग्यांचे थर नीट बसतात आणि टायरची कड रिमच्या खाचेत पक्की होते.

एवढे सगळे महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी एक गोष्ट पुरेशी आहे. धावत्या मोटारसायकलचा एक टायर कोणत्याही क्षणी रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. चालवणारा, मागे बसलेला, सामान आणि गाडी या सर्वांचा भार आणि ब्रेकचा सगळा जोर अशा दोन तळहातांवर येतो.

कडा उशिरा घासतात

पुष्कळांचा एक समज असतो, की टायर बसवला, हायवेवर पन्नास-साठ किलोमीटर गाडी पळवली, की झाले. इथेच फसगत होते. सरळ रस्त्यावर टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला लागतो. तो लवकर खरखरीत होतो. डाव्या-उजव्या बाजूच्या कडा मात्र तशाच कोऱ्या आणि चकचकीत राहतात. गाडी वळणावर कलते तेव्हा भार या कडांवर जातो. भावडबारी घाटासारख्या वळणाच्या रस्त्यावर पहिल्यांदाच नेहमीच्या वेगाने गाडी कलवली, की जे रबर रस्त्याला कधी लागलेलेच नाही त्याच्यावर सगळा भरवसा टाकला जातो.

म्हणून किती किलोमीटर झाले याइतकेच टायरची किती रुंदी वापरात आली, हेही पाहावे लागते. ते डोळ्यांनी दिसते. वापरात आलेला भाग काळपट, मळकट, बिनचमकेचा होतो, तर न वापरलेला भाग चमकतो आणि त्यावर रबराचे बारीक केस तसेच उभे असतात. हे केस साच्यातून हवा बाहेर जाण्याच्या छिद्रांमुळे तयार होतात. ते असण्या-नसण्याने पकडीत फरक पडत नाही, पण टायरचा कोणता भाग अजून रस्त्याला लागलेला नाही हे त्यांवरून कळते.

दुसरा बदल आकाराचा. वर्षानुवर्षे सरळ रस्त्यावर चाललेला जुना टायर मध्ये झिजून सपाट झालेला असतो. नव्याचा माथा गोल असतो. त्यामुळे त्याच वळणावर, हँडलला तेवढाच जोर देऊनही गाडी पटकन कलते. जुन्या टायरची सवय झालेल्या हातांना हा फरक कळायला काही दिवस लागतात. म्हणजे या दिवसांत टायर जसा तयार होत असतो, तसाच चालवणाराही त्याला सरावत असतो.

पाऊस, थंडी आणि रस्ता

देवळा परिसरात टायर बदलण्याचा हंगाम आणि रस्ता निसरडा होण्याचा हंगाम नेमका एकच येतो. उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, गाड्यांचे गळलेले तेल आणि झिजलेल्या रबराची भुकटी साचते. पहिली सर आली की या सगळ्याचा बुळबुळीत थर होतो. जोराचा, लांबलेला पाऊस तो धुऊन नेतो. भुरभुर पाऊस तो फक्त भिजवतो. अवर्षणप्रवण भागात पावसात खंड पडत राहतो, त्यामुळे प्रत्येक खंडानंतरची पहिली सर पुन्हा नव्याने धोका घेऊन येते. त्यात शेतातून रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, ट्रॉलीतून सांडून चिरडलेला कांदा आणि त्याची सालपटे यांची भर पडते. कोरा टायर आणि ओला रस्ता एकत्र आले, की दोन निसरड्या गोष्टींची गाठ पडते.

हिवाळ्यातही काळजी लागते. नाशिक जिल्ह्यातली पहाटेची थंडी सर्वांना ठाऊक आहे. थंड रबर कडक असते आणि कमी पकडते. पहाटे दूध घालायला किंवा भाजीपाला घेऊन निघणाऱ्याने पहिले काही किलोमीटर टायर गरम होईपर्यंत संथ चालवावेत. टायर नवा असेल तर याची जास्तच गरज असते.

थांबण्याचा हिशेब

पकड कमी झाली म्हणजे नेमके काय होते, हे साध्या गणिताने पाहता येते. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोर जनावर आडवे आले, ते डोळ्यांना दिसले, मेंदूने ठरवले आणि हात-पाय ब्रेकवर गेले, या सगळ्याला साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे ११ मीटर ब्रेक लागण्याआधीच गेले. त्यापुढे टायर आणि रस्त्यातला घर्षणांक ०.७ धरला तर गाडी सुमारे ९ मीटरमध्ये थांबेल. तो ०.४ पर्यंत घसरला तर सुमारे १६ मीटर लागतील. वेग ताशी ६० असेल, तर हेच अंतर २० मीटरवरून ३५ मीटरवर जाते. हा सरळ रेषेत, तोल न जाता थांबण्याचा हिशेब झाला. प्रत्यक्षात घाबरून ब्रेक करकचून दाबला जातो, चाक जाम होते आणि दुचाकी आडवी पडते. २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. पण खेड्यापाड्यांत चालणाऱ्या बहुसंख्य गाड्या १०० ते १२५ सीसीच्या किंवा जुन्या आहेत. त्यांना ही सोय नाही.

पडल्यावर शरीराचे काय होते

घसरून पडण्यात वेग कमी असतो, म्हणून लोक ते किरकोळ समजतात. शरीराच्या दृष्टीने ते किरकोळ नसते. माणूस पडताना खांद्यावर आपटतो आणि गळ्याजवळचे हाड, म्हणजे हासळी मोडते. पडताना हात टेकवला जातो आणि मनगट मोडते. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी एक छोटे हाड असते. त्याची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. दहा-बारा दिवसांनीही तिथे दुखत असेल तर पुन्हा तपासणी करावी लागते, नाहीतर हाड न जुळल्याने मनगट कायमचे दुबळे होऊ शकते. गाडी पायावर पडून नडगीचे हाड मोडते, सायलेन्सरने पोटरी भाजते. कांदा लागवडीच्या किंवा काढणीच्या दिवसांत घरातला एक हात सहा आठवडे गळ्यात अडकला, तर त्याची किंमत दवाखान्याच्या बिलापेक्षा कितीतरी मोठी होते.

सर्वांत मोठी भीती डोक्याची. कवटीच्या आत रक्तस्राव झाला तरी काही रुग्ण सुरुवातीला शुद्धीवर असतात, बोलतात, चहा पितात आणि काही तासांनी अचानक बेशुद्ध होतात. म्हणून पडल्यानंतर वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, जास्तीची झोप, असंबद्ध बोलणे, कान-नाकातून रक्त किंवा पाणी येणे, झटका, एका हातापायातली ताकद कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठायला हवे.

हेल्मेटचा उपयोग नेमका इथे आहे. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. त्यावर आयएसआय चिन्ह असावे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा. मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या आई-बहिणींना गाडी घसरली तर आधार सर्वांत कमी मिळतो आणि हेल्मेटही बहुधा त्यांच्याच डोक्यावर नसते. कायदा दोघांसाठी सारखाच आहे.

दुकानातच पाहायच्या गोष्टी

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ‘२३२५’ असे लिहिले असेल तर तो २०२५ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला आहे. ‘नवा’ म्हणून दिलेला टायर गोदामात किती वर्षे पडून होता, हे त्यावरून कळते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांनी तो चांगला दिसला तरी बदलावा, असे अनेक कंपन्या सांगतात.

आयएसआय चिन्ह पाहा. दुचाकी-तीनचाकीच्या टायरसाठीचे भारतीय मानक आयएस १५६२७ हे आहे. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच आकार घ्या. टायर दिसायला जाड आणि रुबाबदार असला, तरी आकार चुकला तर गाडी वळणावर नीट वागत नाही. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पुढच्या दिशेनेच हवा. बसवून झाल्यावर रिमच्या कडेलगतची टायरवरची रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का, हे चाक फिरवून पाहा. ती कुठे आत, कुठे बाहेर असेल तर टायर नीट बसलेला नाही.

हवा पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरा. १०० ते १२५ सीसीच्या अनेक गाड्यांना एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या आसपास हवा लागते. मागे माणूस असेल तर मागच्या चाकात जास्त लागते. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा तपासावी, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा कडेतून गळती असेल तर लक्षात येते.

पहिल्या १६० किलोमीटरची शिस्त

वेग नेहमीपेक्षा कमी ठेवा. पुढच्या वाहनापासूनचे अंतर दुप्पट ठेवा. झटक्याने वेग वाढवू नका आणि ब्रेक हळूहळू, दोन्ही एकत्र दाबा. वळणावर शिरण्याआधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. पहिल्या दिवशी गाडी अगदी थोडी कलवा, मग दिवसागणिक थोडी अधिक, म्हणजे टायरच्या कडा क्रमाक्रमाने खरखरीत होतील. कोरड्या, स्वच्छ, ओळखीच्या रस्त्यावर हे करणे उत्तम.

शक्य असेल तर या दिवसांत मागे माणूस, कांद्याची गोणी, दुधाचे कॅन किंवा चाऱ्याचा भारा घेऊ नका. संसारात हे सगळे टाळता येत नाही, हे खरे. न टळल्यास वेग आणखी कमी करावा. टायर बदलायचाच असेल तर पहिल्या सरीच्या आधी पंधरा दिवस बदलावा, म्हणजे पाऊस येईपर्यंत तो तयार झालेला असेल. सप्तशृंगी गडावर किंवा लांबच्या लग्नाला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी टायर बदलणे टाळावे.

काही उपाय उलट अंगाशी येतात. टायर लवकर तयार व्हावा म्हणून तो पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने पुसू नये. यांमुळे रबर खराब होते आणि डिझेलचा तेलकट थर तर उलट घसरणच वाढवतो. साध्या साबणाने धुऊन कोरडा करणे पुरेसे आहे. टायर काळाभोर दिसावा म्हणून लावायचे पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीही लावू नये. रस्त्यावर गाडी नागमोडी चालवून टायर घासण्याचा प्रकार काही तरुण करतात. त्यातून फायदा फारसा होत नाही आणि मागून येणाऱ्या वाहनाला आपण कुठे जाणार हे कळत नाही.

याचा अर्थ जुनाच टायर बरा, असा कोणी घेऊ नये. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. नक्षीच्या खाचेत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायर बदलायची वेळ झाली. गुळगुळीत टायरवर पावसाळा काढण्यापेक्षा नव्या टायरवर आठ-नऊ दिवस सांभाळून चालवणे केव्हाही परवडते.

पडलाच तर

जखमीला घाईने ओढून उभे करू नका. मान दुखत असेल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील तर मान न हलवता १०८ क्रमांकाला फोन करा. हेल्मेट खेचून काढू नका. श्वासाला अडथळा होत असेल तरच, एकाने मान आणि डोके स्थिर धरून, दुसऱ्याने ते काढावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. खरचटलेल्या जागी हळद, टूथपेस्ट, ग्रीस किंवा माती लावू नका. भरपूर वाहत्या पाण्याने जखम धुवा, आत रुतलेली खडी दवाखान्यात काढून घ्या आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरांना सांगा. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. त्यामुळे थांबून मदत करायला घाबरण्याचे कारण नाही.

टायर बसवून दिल्यावर गाडीचा किलोमीटरचा आकडा बिलाच्या पाठीवर लिहून ठेवावा. त्यात १६० मिळवले की जो आकडा येईल, तोवर गाडी जपून चालवायची. घरात तीच गाडी मुलगा किंवा भाऊही चालवत असेल, तर त्यालाही हा आकडा सांगून ठेवावा. नवा टायर बसवल्याचे ठाऊक नसलेला माणूस गाडी नेहमीच्याच वेगाने चालवतो.